काळी स्क्रीन, तेवीस नोंदी आणि ‘कुठल्या कंपनीचं कार्ड घेऊ?’

साताऱ्यात माझ्या मावसभावाचा फोटो-व्हिडिओ स्टुडिओ आहे. लग्नं, मुंजी, बारशी, मध्येच एखादी सहकारी संस्थेची वार्षिक सभा. शूटिंग दादा करतो. व्हिडिओचं एडिटिंग आणि अल्बमचं डिझाइन वहिनी करतात. दोघांचं सगळं काम एका कॉम्प्युटरवर चालतं. म्हणून नोव्हेंबर २०२५मध्ये, तुळशीची लग्नं लागून लग्नसराईला नुकती सुरुवात झालेली असताना त्याचा फोन आला तेव्हा आवाजातच कळलं की काहीतरी बिनसलंय.

“आरं, स्क्रीन काळी होतीया सारखी. दोन-चार सेकंदांनी येती परत, पण कधीकधी एडिटिंगचं सॉफ्टवेअर बंद पडलेलं असतं. दुकानवाला म्हणतोय ड्रायव्हर गंडलाय, ह्या कंपनीची कार्डं अशीच असतात, दुसऱ्या कंपनीचं घ्या. कुठल्या कंपनीचं घेऊ ते सांग, उद्या पुण्याला माणूस चाललाय.”

त्याचं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र तयार करणारं कार्ड, कुठल्या कंपनीचं होतं ते मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर निम्मे लोक ‘तरीच!’ म्हणून इथेच थांबतील आणि उरलेले भांडायला येतील. चार वर्षांपूर्वी घेतलेलं मधल्या किमतीचं कार्ड होतं, एवढं पुरे. बाकी मशीन म्हणजे इंटेल आय५-१२४००, डीडीआर-४ रॅम, दोन मॉनिटर.

मी त्याला आठवडाभर थांबायला सांगितलं. तो नाराज झाला, आणि सीझनमध्ये ते साहजिकच होतं.

दिवाळीत काय काय बदललं

मी पहिला प्रश्न विचारला, “हे कधीपासून होतंय?” दादा म्हणाला, “विंडोज ११ टाकल्यापासून.” विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. त्यामुळे दिवाळीच्या साफसफाईत त्याने दुकानातल्या पोराला बोलावून नवी विंडोज टाकून घेतली होती. म्हणजे विंडोजचाच दोष, असं दोघांनी जवळपास ठरवलेलं होतं.

मी खोदून विचारल्यावर वहिनींना आठवलं की त्याच दिवशी रॅमही वाढवली होती. आधी १६ जीबी होती. त्या महिन्यात रॅमच्या किमती चढायला लागलेल्या, म्हणून पोराने दुसऱ्या एका जुन्या मशीनमधल्या ८-८च्या दोन पट्ट्या आणून लावल्या. विंडोज नवी, त्यामुळे ग्राफिक्सचा ड्रायव्हरही नवा. तीन गोष्टी एका दुपारी बदलल्या होत्या आणि ठपका चौथ्या गोष्टीवर, कार्डावर, ठेवला जात होता. कार्ड तर चार वर्षं त्याच जागी गुमान बसलेलं होतं.

मी वहिनींना म्हटलं, “एक वही करा. स्क्रीन गेली की वेळ लिहा, एक स्क्रीन गेली की दोन्ही, आणि तुम्ही तेव्हा काय करत होता.” वहिनींचं अक्षर सुरेख आणि नोंदी त्याहून चोख. महिनाअखेर मी साताऱ्याला गेलो तेव्हा वहीत तेवीस नोंदी होत्या.

विंडोज काय लिहून ठेवते

ड्रायव्हर ‘गंडतो’ म्हणजे नेमकं काय होतं, हे कळल्याशिवाय पुढचं सांगण्यात अर्थ नाही. ड्रायव्हर म्हणजे विंडोज आणि कार्ड यांच्यात निरोप नेणारा प्रोग्राम. त्याच्यामार्फत विंडोज ग्राफिक्स कार्डाला काम देते आणि उत्तराची वाट बघते. ठरलेल्या वेळेत, म्हणजे मुळातल्या सेटिंगप्रमाणे दोन सेकंदांत, कार्डाने प्रतिसाद दिला नाही तर विंडोज ड्रायव्हर बंद करून पुन्हा चालू करते. तेवढ्यात स्क्रीन काळी होते आणि परत येते. ही सोय विंडोज व्हिस्टापासून आहे. त्याआधी अशा वेळी अख्खं मशीनच गोठायचं. ही झटापट झाली की इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या लॉगमध्ये, ४१०१ क्रमांकाची नोंद पडते: डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणं थांबवलं होतं, आता तो सावरला आहे.

या नोंदीत ड्रायव्हरचं नाव असतं आणि सगळा गैरसमज तिथूनच सुरू होतो. पंचनाम्यात ज्याच्या दारात घटना घडली त्याचं नाव येतं, म्हणून तो आरोपी ठरत नाही. कार्डाने वेळेत उत्तर दिलं नाही, एवढंच ती नोंद सांगते. त्यामागे ड्रायव्हरमधली चूक असेल, कार्ड तापलं असेल, एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) पुरेशी वीज देत नसेल, रॅममधून चुकीची माहिती आली असेल, किंवा कुणी कार्ड ओव्हरक्लॉक केलं, म्हणजे ठरल्यापेक्षा जादा वेगाने पळवलं, असेल. बोर्ड ऑफिसात मार्कशीट चुकली की खिडकीत बसलेल्या कारकुनाशी भांडण होतं, त्यातलाच प्रकार.

वहिनींची वही आणि विंडोजचा लॉग शेजारी ठेवून बसलो. वहीत तेवीस, लॉगमध्ये ४१०१च्या नोंदी फक्त नऊ. वेळा जुळवल्या तेव्हा त्या नऊही वहीत सापडल्या. मग उरलेल्या चौदा वेळा काय झालं होतं? विंडोजला त्यांचा पत्ताच नव्हता.

इथे वहीने खरं काम केलं. लॉगमध्ये असलेल्या नऊ वेळांना वहिनींनी ‘दोन्ही गेल्या’ असं लिहिलं होतं, आणि बहुतेकदा पुढे ‘प्रीमियर बंद’ (प्रीमियर म्हणजे त्यांचं एडिटिंगचं सॉफ्टवेअर). नसलेल्या चौदा वेळांना ‘फक्त डावी’, आणि गाण्याचा आवाज चालूच. त्यातल्या सहा नोंदींपुढे कंसात बारीक अक्षरात होतं: ‘उठताना’.

डावी स्क्रीन आणि खुर्ची

आजार दोन होते. लक्षण एकच, म्हणून तक्रारही एकच झाली होती.

डावा मॉनिटर एका लांबलचक, बिननावाच्या एचडीएमआय केबलवर होता. टेबल हलवलं तेव्हा जुनी पुरेना म्हणून आणलेली. आणि वहिनींची खुर्ची गॅस-लिफ्टवाली, खालीवर होणारी. अशा खुर्चीवरून झटकन उठलं की स्थिर विजेचा एक बारीक झटका निर्माण होतो, आणि केबलचं कवच निकृष्ट असेल तर तो मॉनिटरचा सिग्नल क्षणभर तोडतो. ऐकायला भुताटकी वाटते, पण डिस्प्लेच्या तक्रारी हाताळणाऱ्यांना हा प्रकार जुना आहे, आणि कोरड्या हवेत तो जास्त होतो. साताऱ्याची नोव्हेंबर-डिसेंबरातली हवा त्याला अगदी पोषक.

मी वहिनींना दहा वेळा उठा-बसा करायला लावलं. चौथ्या वेळी डावी स्क्रीन गेली. दादा आधी हसला, मग म्हणाला, “म्हणजे मी खुर्चीपायी पस्तीस हजारांचं कार्ड आणणार होतो?” दीड मीटरची चांगली, प्रमाणित केबल लावली, टेबल भिंतीजवळ सरकवलं. चौदा नोंदींचा विषय तिथे मिटला.

या चौदांना कुठल्याच कंपनीचा ड्रायव्हर उपयोगाचा नव्हता. नवं कार्ड आणलं असतं तरी डावी स्क्रीन गेलीच असती, आणि मग ‘ही कंपनीसुद्धा तसलीच’ असं साताऱ्यात आणखी एक मत तयार झालं असतं. कार्डांविषयीची पुष्कळशी मतं अशीच तयार होत असावीत, असा मला दाट संशय आहे.

उरलेल्या नऊ

ड्रायव्हर सोडून देऊन चालणार नव्हतं. म्हणून आधी त्याचीच परीक्षा घेतली. इथे एक गंमत सापडली: दुकानातल्या पोराने कंपनीच्या साइटवरून नवा ड्रायव्हर टाकला होता, पण दोन दिवसांनी विंडोज अपडेटने आपल्याकडचा वेगळा ड्रायव्हर त्यावर गुपचूप चढवला होता. असा खिचडी झालेला ड्रायव्हर खरंच त्रास देतो. नेट तोडलं, सेफ मोडमध्ये डीडीयू म्हणजे डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर चालवून जुनं सगळं पुसलं, एकच ड्रायव्हर नीट टाकला आणि विंडोज अपडेटला ड्रायव्हर बदलायची मनाई केली. मग वहिनींना कामाला बसवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन्ही स्क्रीन गेल्या. लॉगमध्ये ४१०१.

म्हणजे ड्रायव्हर नव्हे, निदान एकटा तर नव्हेच. एसएमपीएस आणि तापमान तपासलं, ठीक होतं. रात्री मेमटेस्ट, म्हणजे रॅम तपासणारा प्रोग्राम, लावून झोपलो. सकाळी स्क्रीनवर लाल ओळी, म्हणजे चुका, होत्या. दोन वेगळ्या जोड्यांच्या चार पट्ट्या, त्या एक्सएमपी (रॅमला जादा वेग देणारं सेटिंग) चालू करून ३६००च्या वेगाने पळत होत्या. आय५-१२४०० अधिकृतपणे डीडीआर-४ ३२००पर्यंतच पेलतो, शिवाय हा नावात ‘के’ नसलेला प्रोसेसर, त्यात मेमरी कंट्रोलरचं व्होल्टेज वाढवायची मुभा नसते. विंडोज सुरू होई, फोटोशॉप चाले. पण फोर-के टाइमलाइन उघडून मेमरी काठोकाठ भरली की कुठेतरी एखादा बिट उलटा पडायचा आणि बोभाटा ड्रायव्हरच्या नावाने व्हायचा. वेग ३२००वर आणला. दुसऱ्या रात्री मेमटेस्टमध्ये एकही चूक आली नाही.

मग कुठल्या कंपनीचं बरं?

दुरुस्ती झाली तरी दादाचा प्रश्न शिल्लक होताच. “तरीपण सांग, ड्रायव्हर चांगला कुणाचा?”

आधी एक गाठ सोडवायला हवी. खोक्यावर असूस, एमएसआय, गिगाबाइट, झोटॅक, सफायर अशी नावं असतात. ड्रायव्हर यांच्यापैकी कुणीच लिहीत नाही. ड्रायव्हर चिप बनवणाऱ्याचा: एनव्हिडिया, एएमडी किंवा इंटेल. खोक्यावरची कंपनी पंखे, हीटसिंक, कार्डाचा बायोस आणि वॉरंटी देते. त्यामुळे ‘असूसपेक्षा एमएसआयचा ड्रायव्हर बरा’ हे वाक्य कानावर आलं तर चहा संपवून उठावं. खोक्याची कंपनी निवडताना बघायचं ते इतकंच, की बिल पक्कं आहे का, वॉरंटी किती वर्षं आणि सर्व्हिस सेंटर कुठे. साताऱ्याच्या माणसासाठी ते पुण्यात असलं तरी चालतं, कार्ड कुरिअरने परराज्यात पाठवावं लागलं तर सीझन बुडतो.

आता चिपवाल्या तिघांचा इतिहास. दादाला मी तो दोन चहांमध्ये सांगितला.

‘एनव्हिडियाचे ड्रायव्हर दगडासारखे’ हा समज मोठा आहे. पण २००७मध्ये व्हिस्टा आली, ड्रायव्हर लिहिण्याची पद्धतच बदलली, आणि पुढे एका कोर्टकज्ज्यात मायक्रोसॉफ्टची अंतर्गत आकडेवारी बाहेर आली, तीत व्हिस्टाच्या नोंदवलेल्या क्रॅशपैकी २८.८ टक्के एनव्हिडियाच्या ड्रायव्हरच्या खात्यावर होते. एटीआयच्या, म्हणजे आजच्या एएमडीच्या, खात्यावर ९.३ टक्के. कुणाची किती कार्डं लोकांकडे होती हे त्या आकड्यात धरलेलं नाही, तरी दगड वगैरे म्हणण्यासारखा तो काळ नव्हता. मार्च २०१०मध्ये १९६.७५ हा ड्रायव्हर मागे घ्यावा लागला, कारण त्याने काही कार्डांचे पंखे नीट फिरत नव्हते आणि कार्डं तापत होती. अगदी अलीकडचं म्हणजे ३० जानेवारी २०२५ला आरटीएक्स ५० मालिका आली आणि ५७२ क्रमांकाच्या ड्रायव्हरांनी काळ्या स्क्रीनच्या तक्रारींचा पाऊस पडला. जुनी ३० आणि ४० मालिकेची कार्डं असलेले कितीतरी लोक डिसेंबर २०२४च्या ५६६.३६वर परत गेले. एकामागून एक तातडीच्या दुरुस्त्या आल्या, आणि एप्रिलमधल्या ५७६.०२ला बरंच निस्तरलं.

एएमडीची बदनामी सगळ्यात जुनी, आणि तिला शेवटचं मोठं खतपाणी मिळालं ते आरएक्स ५७०० मालिकेने. ७ जुलै २०१९ला कार्डं आली, रचना नवीकोरी; काळ्या स्क्रीनच्या तक्रारी महिनोन्‌महिने चालल्या. फेब्रुवारी २०२०च्या २०.२.२ ड्रायव्हरच्या टिपणात तशा दुरुस्त्यांची लांबलचक यादी होती, म्हणजे सात महिने लोक भोगत होते. तीच कार्डं नंतर पुष्कळांनी वर्षानुवर्षं निवांत वापरली. ऑक्टोबर २०२३मध्ये वेगळंच घडलं: अँटी-लॅग प्लस ही सोय खेळाच्या कोडमध्येच हात घालत होती, म्हणून काउंटर-स्ट्राइक २मध्ये ती वापरणारे खेळाडू फसवणूक करणारे ठरले आणि त्यांच्यावर बंदी आली. एएमडीने सोय मागे घेतली. यात अस्थिरता नव्हती, नको तो शहाणपणा होता. पण भोगलं ग्राहकाने.

इंटेलची आर्क ए७७० आणि ए७५० ही कार्डं १२ ऑक्टोबर २०२२ला आली. सुरुवातीला डायरेक्टएक्स ९चे जुने खेळ दुभाष्यामार्फत चालत आणि रखडत. २०२३च्या सुरुवातीला त्यात मोठी सुधारणा झाली. रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी) ही सोय मदरबोर्डवर नसेल तर आर्क आजही घेऊ नये, वेग भलताच पडतो. डिसेंबर २०२४चं बी५८० सर्वांनी नावाजलं, आणि जानेवारीत चाचणी करणाऱ्यांच्या लक्षात आलं की जुन्या प्रोसेसरबरोबर त्याचा ड्रायव्हर प्रोसेसरवर जादा भार टाकतो. स्वस्त कार्ड घेणाऱ्याकडे प्रोसेसर जुनाच असणार, हे खरं दुखणं.

दादाने मध्येच विचारलं, “म्हणजे सगळेच सारखे?” तसं नाही. पण या तारखांकडे नीट बघितलं तर एक गोष्ट डोळ्यात भरते. २००७, २०१९, २०२२, २०२५: प्रत्येकाचा वाईट काळ नवी रचना किंवा नवी विंडोज आल्यानंतरच्या सहा-आठ महिन्यांतला आहे. म्हणून स्थिरतेसाठी माझा पहिला प्रश्न ‘कंपनी कुठली’ हा नसतो, ‘ही मालिका बाजारात येऊन किती महिने झाले’ हा असतो. वर्षभर मुरलेलं कार्ड, कुठल्याही कंपनीचं, पहिल्या महिन्यातल्या सर्वोत्तम कार्डापेक्षा कामधंद्याच्या मशीनला बरं.

दुसऱ्या टोकाला म्हातारपण आहे. एनव्हिडियाने २०१४ ते २०१७च्या दरम्यानच्या मॅक्सवेल-पास्कल कार्डांना, म्हणजे जीटीएक्स ९०० आणि १० मालिकेला, ऑक्टोबर २०२५मध्ये नेहमीच्या ड्रायव्हरमधून निवृत्त केलं. सुरक्षेच्या दुरुस्त्या ऑक्टोबर २०२८पर्यंत मिळणार आहेत. लोकप्रिय १०८० नऊ वर्षं पोसली गेली, हे माझ्या मते एनव्हिडियाच्या बाजूचं सगळ्यात भक्कम विधान. त्याच सुमारास एएमडीने आरएक्स ५००० आणि ६००० मालिका ड्रायव्हरच्या वेगळ्या, देखभालीपुरत्या शाखेत टाकल्याचं जाहीर केलं, ओरड झाली, मग नव्या खेळांचा सपोर्ट चालूच राहील असा खुलासा आला. खुलासा आला हे बरं झालं, पण तीन-चार वर्षांपूर्वी नवीन घेतलेल्या कार्डाच्या मालकाला तो महिना कसा गेला असेल!

तिसरी तक्रार, जी कुणी तक्रार म्हणून सांगितलीच नव्हती

निघायच्या आदल्या संध्याकाळी वहिनी सहज म्हणाल्या, “स्क्रीन आता जात नाही, पण नव्या कॅमेऱ्याचा व्हिडिओ अजून अडखळतोच. तेही कार्डाचंच ना?”

नवा कॅमेरा एच.२६५, १० बिट, ४:२:२ अशा, रंगांची जास्त माहिती राखणाऱ्या पण उलगडायला जड प्रकारात शूटिंग करत होता. हा प्रकार हार्डवेअरमध्ये उलगडण्याची (डिकोडिंगची) ताकद एनव्हिडियात आरटीएक्स ५० मालिकेपासून आली. इंटेलमध्ये ती आर्क कार्डांत आहेच, पण त्याआधीपासून प्रोसेसरमधल्या साध्या अंतर्गत ग्राफिक्समध्येही आहे, डेस्कटॉपवर ११व्या पिढीपासून. आय५-१२४००मध्ये ते अंतर्गत ग्राफिक्स होतं. मशीन जोडणाऱ्याने ‘कार्ड आहे, मग याचं काय काम’ म्हणून बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, ते बंद ठेवलं होतं. चार वर्षं!

चालू केलं, इंटेलचा ड्रायव्हर टाकला, प्रीमियरच्या सेटिंगमध्ये इंटेलकडून डिकोडिंगची खूण केली. हळदीचा व्हिडिओ लोण्यासारखा सरकला. वहिनी काही बोलल्या नाहीत, फक्त स्पेसबार दाबून नवरीच्या आत्याचा नाच दोनदा पाहिला.

त्यामुळे कार्ड घेतलंच नाही. खर्च केबलचा आणि माझ्या एसटीच्या तिकिटाचा. तिकिटाचे पैसे दादाने कंदी पेढ्यात दिले.

तरी त्याने लिहून मागितलं म्हणून वहीच्या मागच्या पानावर लिहून दिलं आहे. स्टुडिओसाठी पुढेमागे घ्यायचंच झालं तर एनव्हिडिया, ते ड्रायव्हर कधी पडत नाही म्हणून नव्हे. एडिटिंगची बरीच प्लगइनं एनव्हिडियाची कूडा ही प्रणाली धरून लिहिलेली असतात म्हणून. त्यात खेळांसाठीचा ‘गेम रेडी’ ड्रायव्हर नको, कामासाठीचा ‘स्टुडिओ’ ड्रायव्हर, आणि लग्न हातात असताना अपडेट नाही. दादाचा थोरला लिनक्स वापरतो, त्याच्यासाठी एएमडी. तिथे ड्रायव्हर कर्नलमध्येच येतो आणि वेगळं काही बसवावं लागत नाही. एएमडी विंडोजवर घेतलं तर ‘रेकमेंडेड’ लिहिलेलाच ड्रायव्हर, ‘ऑप्शनल’ नाही. बजेट तुटपुंजं आणि मशीन नवं असेल तर आर्क. कुठलंही घ्या, मालिकेचा पहिला महिना सोडून.

वही अजून चालू आहे. डिसेंबर आणि जानेवारी कोरे गेले. ११ फेब्रुवारीला संध्याकाळी एक नोंद आहे: ‘दोन्ही गेल्या, परत आल्या, प्रीमियर चालू’. लॉगमध्ये ४१०१ आहे. रॅम पुन्हा तपासली, चूक नाही, केबल ठीक. ते कशाने झालं ते मला सापडलेलं नाही. वहिनींना म्हटलं, पुन्हा झालं तर लगेच कळवा.